साफसफाईनंतर डेस्कटॉप सुरू होत नाही तेव्हा कुठून सुरुवात करायची

कॅबिनेट उघडलं, साचलेली धूळ काढली, पंखे पुसले, झाकण लावलं, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. नवख्या माणसाच्या मनात पहिली शंका येते ती मदरबोर्ड जळाल्याची. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. सफाईआधी नीट चालणारं मशीन सफाईनंतर बंद पडलं, तर कारण शोधायची जागा फार लहान असते. तुमचा हात, ब्रश किंवा हवेचा झोत जिथे जिथे पोचला, तेवढीच. एखादी केबल अर्धवट निसटलेली असते, रॅमची पट्टी एका टोकाला वर आलेली असते, मागचा स्विच बंद राहिलेला असतो किंवा कुठेतरी ओल राहिलेली असते.

म्हणून खराब झालेला भाग शोधायला निघू नका. काय बदललं ते शोधा. नवीन एसएमपीएस (कॅबिनेटमधल्या भागांना वीज पुरवणारी पेटी) किंवा रॅम मागवण्याचा विचारही आत्ता नको. या लेखातली पुढची बहुतेक तपासणी स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च आणि थोडा धीर एवढ्यावर होते.

आधी ओल, मग बाकी सगळं

सफाईत पाणी, ओलं फडकं, काच पुसायचा स्प्रे किंवा असा कुठलाही द्रव वापरला असेल, तर बटण पुन्हा दाबू नका. प्लग काढा. ओल असताना वीज गेली की जवळजवळच्या पिनांमधून प्रवाह वाहतो, तांबं गंजायला लागतं आणि जो भाग नुसता सुकवून वाचला असता तो कायमचा जातो. रॅम आणि ग्राफिक्स कार्ड बाहेर काढा, कॅबिनेटची बाजू उघडी ठेवा आणि पंख्याच्या साध्या वाऱ्यात किमान २४ तास, जास्त भिजलं असेल तर ४८ तास राहू द्या. हेअर ड्रायरची गरम हवा नको, त्याने प्लॅस्टिक वाकतं आणि ओल आणखी आतल्या फटींत ढकलली जाते. रॅमच्या आणि ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटमध्ये, तसंच मोठ्या चिपच्या खाली पाणी सर्वांत जास्त वेळ टिकतं. वरून कोरडं दिसतंय म्हणून घाई करू नका.

दाबलेल्या हवेचा डबा वापरताना तो तिरका किंवा उलटा झाला, तर हवेऐवजी आतला द्रव बाहेर येतो. तो लगेच उडून जातो, पण जिथे पडतो तिथला भाग एकदम थंडगार होतो आणि आसपासच्या हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते. असं झालं असेल तर तास-दोन तास थांबून मग सुरू करा. सफाईला वापरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्के शुद्धतेचं असेल तर काही मिनिटांत सुकतं. ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेला बराचसा भाग पाणी असतो, त्यामुळे ती वापरली असेल तर सुकायला जास्त वेळ द्या.

हात घालण्याआधी

भिंतीवरचा स्विच बंद करा, प्लग काढा आणि मग कॅबिनेटवरचं पॉवर बटण १० ते १५ सेकंद दाबून धरा. बोर्डवर आणि एसएमपीएसमध्ये उरलेली बरीचशी वीज त्याने निघून जाते. कधीकधी एवढ्यानेच मशीन सुरू होतं. एसएमपीएसने आधीच्या प्रयत्नात शॉर्ट सर्किट ओळखून स्वतःला बंद करून घेतलेलं असतं, आणि वीज पूर्ण काढल्याशिवाय ते पुन्हा जागं होत नाही.

अंगावरची स्थिर वीज ही दुसरी गोष्ट. बोटाला चटका जाणवतो तेव्हा अंगावर साधारण ३,००० व्होल्ट जमलेले असतात. इलेक्ट्रॉनिक भागांना त्याहून बऱ्याच कमी व्होल्टेजवरही इजा होते, म्हणजे तुम्हाला काही न जाणवताही नुकसान होऊ शकतं. गालिच्यावर बसून काम करू नका, लोकरी कपडे टाळा आणि दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा.

एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यानंतरही तिच्यातल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब काही काळ राहू शकतो. आत धूळ दिसत असली तरी ती बाहेरून झोत मारून जेवढी निघेल तेवढीच काढायची. या एका बाबतीत प्रयोगाला जागा नाही.

आणि आणखी काही उपसण्याआधी मोबाइलवर आतले चार-पाच फोटो काढा. कुठली केबल कुठे होती हे रात्री उशिरा आठवत नाही.

नेमकं काय होतंय ते बघा

“सुरू होत नाही” या एका वाक्यात चार-पाच वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीची वाट वेगळी आहे. प्लग लावा, बटण एकदाच दाबा आणि शांतपणे बघा, ऐका. काहीच होत नाही का? पंखे क्षणभर हलून थांबतात का? पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो का? की पडद्यावर काहीतरी लिहून येतं आणि गाडी तिथेच अडते? जे दिसेल ते कागदावर लिहा. इथून पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग पुन्हा बटण दाबून बघायचं, आणि प्रत्येक बदलाआधी प्लग काढायचा. चार गोष्टी एकदम हलवल्या तर मशीन सुरू झालं तरी कशामुळे ते कळत नाही, आणि नाही झालं तर नवी चूक आपणच घातली का तेही कळत नाही.

काहीच होत नाही

बाहेरून आत या. त्याच सॉकेटवर मोबाइलचा चार्जर किंवा दिवा लावून वीज येते का ते बघा. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून थेट भिंतीला लावा. एसएमपीएसमध्ये मागून जाणारी जाड केबल पूर्ण आत ढकला, कारण कॅबिनेट पुढेमागे सरकवताना ती हमखास सैल होते. तिच्याशेजारच्या छोट्या स्विचवर उभी रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद. सफाईआधी शहाणपणाने बंद केलेला हा स्विच परत चालू करायचं राहून जाणं ही सर्वांत जास्त आढळणारी कारणं मोजली तर त्यातलं एक.

जुन्या काही एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे आकडे असलेला लाल सरकता स्विचही असतो. पुसताना तो सरकला असेल तर तुमच्याकडच्या विजेच्या दाबानुसार, प्लग काढूनच, परत जागेवर आणा. २३० व्होल्टच्या विजेवर तो ११५ ला ठेवून बटण दाबलं तर एसएमपीएस आवाज करून फुटू शकतं.

आता मदरबोर्डकडे बघा. बऱ्याच बोर्डांवर प्लग लावल्याबरोबर, मशीन बंद असतानाही, एक छोटा दिवा लागतो. नेटवर्क केबलच्या खोबणीतला दिवाही कधीकधी लुकलुकतो. असा दिवा लागत असेल तर एसएमपीएस ५ व्होल्टचा राखीव प्रवाह देतंय आणि तो बोर्डपर्यंत पोचतोय. मग संशय पॉवर बटणाच्या वायरवर घ्या.

कॅबिनेटच्या पुढच्या बटणातून दोन बारीक वायरी निघतात आणि बोर्डच्या खालच्या कडेला, बहुधा उजव्या कोपऱ्यात, दोन पिनांवर बसतात. ब्रशच्या एका फटकाऱ्याने त्या निघतात. बोर्डच्या पुस्तिकेत त्या पिनांची जागा दाखवलेली असते. पुस्तिका हरवली असेल तर बोर्डवर छापलेल्या मॉडेल क्रमांकावरून ती कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते. पॉवर बटणाच्या वायरीला उलट-सुलट नसतं, दिव्यांच्या वायरींना असतं. वायर जागेवर असूनही बटण काम करत नसेल तर ती काढा, मशीनला वीज द्या आणि त्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करा. बटण हेच काम करत असतं, त्यामुळे याने काही बिघडत नाही, फक्त टोक शेजारच्या पिनांवर घसरू देऊ नका. मशीन सुरू झालं तर बोर्ड ठणठणीत आहे, बिघाड बटणात आहे.

बोर्डवरचा दिवाच लागत नसेल तर २४ पिनांचा मोठा कनेक्टर बघा. तो बोर्डच्या उजव्या कडेला असतो आणि बसायला घट्ट असतो, त्यामुळे बसलाय असं वाटूनही अर्धा मिलिमीटर बाहेर राहतो. त्याची चिमटी बोर्डवरच्या खाचेत अडकलेली दिसली पाहिजे. काही एसएमपीएसमध्ये हा कनेक्टर २० आणि ४ असा दोन तुकड्यांचा असतो आणि छोटा तुकडा मागे राहतो. केबली एसएमपीएसच्या बाजूनेही सुट्या होणाऱ्या असतील तर तिकडचं टोकही दाबून बघा. सफाईच्या निमित्ताने दुसऱ्या एसएमपीएसच्या केबली मिसळल्या असतील तर इथेच थांबा. बोर्डकडचं टोक सारखं दिसलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाची वायरिंग कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक वेगळी असते. चुकीची केबल लावली तर हार्ड डिस्कपासून बोर्डपर्यंत काहीही जळू शकतं.

एसएमपीएस एकट्याने तपासायची एक जुनी रीत आहे. ते सगळ्या भागांपासून सोडवायचं, २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर यांच्या छिद्रांत वाकवलेली पेपरक्लिप बसवायची आणि मग वीज द्यायची. सोबत कॅबिनेटचा एखादा पंखा जोडावा, कारण काही एसएमपीएसचा स्वतःचा पंखा कमी भारावर फिरतच नाही. पंखा फिरला तर एसएमपीएस जागं होतंय एवढं कळतं. पूर्ण भार पेलेल याची मात्र ती खात्री नव्हे. हल्लीच्या बऱ्याच केबलींत सगळ्या वायरी काळ्याच असतात. तशा असतील तर नवख्याने पिना मोजत बसू नये, ओळखीतलं दुसरं एसएमपीएस तात्पुरतं लावून बघणं जास्त सुरक्षित.

क्षणभर हलतं आणि थांबतं

पंखे अर्धा फेरा घेतात आणि सगळं शांत होतं. असं झालं की एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट दिसतोय असं समजा. टॉर्च घेऊन बोर्ड बघा. सुटा स्क्रू, वॉशर, ब्रशचा धातूचा तुकडा काही दिसतं का? कॅबिनेट आडवं-उभं करून हलकेच हलवा आणि खुळखुळ ऐकू येते का ते बघा. पडलेला स्क्रू बोर्डच्या मागे जाऊन बसण्याची सवय फार वाईट आहे. सफाईसाठी बोर्ड बाहेर काढला होता का? मग तो ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्यातली एखादी चुकीच्या जागी राहून बोर्डच्या पाठीला टेकत असेल.

यूएसबीच्या खोबण्याही विसरू नका. त्या टाचणीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने कोरल्या असतील तर आतल्या पिना वाकून एकमेकींना चिकटतात. काही बोर्ड अशा वेळी यूएसबीवर जादा प्रवाह जातोय असा संदेश दाखवून काही सेकंदांत बंद होतात. पुढच्या यूएसबीची केबल बोर्डवरून काढून बघितली की उलगडा होतो.

एक लक्षण मात्र वेगळं ओळखा. मशीन सुरू होतं आणि दर वेळी बरोबर ४-५ सेकंदांनी बंद होतं, तर पॉवर बटण आत अडकलेलं असण्याची शक्यता मोठी. बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की मशीन सक्तीने बंद होतं, आणि अडकलेलं बटण नेमकं तेच सांगत राहतं. ओल्या फडक्याने भिजलेली धूळ बटणाच्या कडेला खळीसारखी चिकटते. रिसेटचं बटण अडकलं तर पंखे फिरत राहतात पण मशीन पुढे सरकत नाही. दोन्ही वायरी काढून, वर सांगितल्याप्रमाणे स्क्रू-ड्रायव्हरने सुरू करून बघा.

पंखे फिरतात, पडदा काळा

सफाईनंतरच्या तक्रारींत ही सर्वांत मोठी, आणि हिचा बहुतांश भाग रॅमपाशी मिटतो. तरी आधी पडद्याची केबल बघा. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला मागे चित्राच्या दोन जागा असतात, एक मदरबोर्डच्या पट्टीवर वरती आणि एक कार्डवर खाली आडवी. सगळ्या केबली काढून परत लावताना पडद्याची केबल वरच्या जागेत गेली तर बहुधा काहीच दिसत नाही. ती कार्डवर लावा. पडद्याच्या मेनूमध्ये योग्य इनपुट निवडलेलं आहे ना तेही बघा.

मग रॅम. प्लग काढा, स्लॉटच्या टोकाच्या चिमट्या उघडा (काही बोर्डांना एकाच टोकाला असते) आणि पट्ट्या बाहेर घ्या. स्लॉटमध्ये टॉर्च मारा. ब्रशचा केस, कापसाचा धागा, ढकललेल्या धुळीची गुठळी यांतलं काहीही एका पिनेचा संपर्क तोडायला पुरतं. कोरडा मऊ ब्रश आणि हवेचा छोटा झोत यांनी ते काढा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार जातात.

पट्टीच्या सोनेरी कडेला बोटांचे डाग असतील तर बिनधाग्याच्या कापडावर थोडं ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. खोडरबराने घासायची पद्धत सर्रास आहे आणि ती पुष्कळदा कामीही येते. पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, म्हणून अल्कोहोल हाताशी असेल तर तेच बरं. रबरच वापरायचा असेल तर पेन्सिलचा मऊ रबर, हलक्या हाताने, आणि चुरा पूर्ण झटकून. शाई खोडायचा खरखरीत रबर नको.

आता एकच पट्टी लावा. चार स्लॉट असलेल्या बहुतेक बोर्डांत एकट्या पट्टीची जागा प्रोसेसरपासून मोजली तर दुसरी असते. पट्टीची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सरळ खाली दाब द्या. खट् असा आवाज होऊन चिमटी आपोआप मिटली पाहिजे. चिमटी बोटाने ओढून मिटवावी लागत असेल तर पट्टी बसलेली नाही. नवख्यांना इथे भीती वाटते, पण जोर बऱ्यापैकी लागतो. खाच जुळत नसेल तर मात्र जोर लावू नका, पट्टी उलटी धरली आहे. ही पट्टी चालली नाही तर दुसरी, मग दुसरा स्लॉट, असं करत जा.

डीडीआर५ (नव्या पिढीच्या) रॅमच्या मशीनबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. रॅम काढून परत लावली किंवा बायोसच्या (बोर्डवरच्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज पुसल्या गेल्या की बोर्ड रॅमची जुळवणी नव्याने करतो. त्याला कधी मिनिटभर, तर रॅम जास्त असेल तेव्हा कित्येक मिनिटं लागतात आणि तोवर पडदा काळाच असतो. मधेच बंद करून पुन्हा सुरू केलं की सगळं पहिल्यापासून. अशा मशीनला दहा-पंधरा मिनिटं तरी द्या.

बोर्ड स्वतः काय सांगतोय तेही बघा. हल्लीच्या अनेक बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (ज्या डिस्कवरून विंडोज सुरू होतं ती) अशी नावं छापलेले चार बारीक दिवे असतात. तपासणी जिथे अडली त्या नावाचा दिवा लागून राहतो. दिवे नसतील आणि बोर्डला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर बीप ऐका. एक आखूड बीप म्हणजे बहुधा सगळं ठीक, एक लांब आणि दोन आखूड हे बऱ्याच बोर्डांत ग्राफिक्सकडे बोट दाखवतात, एकसारखे लांब बीप रॅमकडे. बाकी अर्थ बायोसनुसार बदलतात, ते पुस्तिकेतच बघावेत. सगळी रॅम काढून सुरू केल्यावर बोर्ड बीप करून तक्रार करत असेल किंवा डीरॅमचा दिवा लावत असेल, तर ती चांगली खूण आहे. प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत.

दिवा सीपीयूचा लागला, तर बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला ८ पिनांचा प्रोसेसरचा कनेक्टर बघा. तो हीटसिंकच्या (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) आडोशाला असतो, त्यामुळे सहज नजरेस पडत नाही. तो सुटलेला असताना पंखे आणि दिवे सगळे छान चालतात, पण प्रोसेसरला वीज मिळत नाही. ग्राफिक्स कार्डचा ८ पिनांचा कनेक्टर दिसायला सारखा असला तरी वेगळा आहे, तो इथे कोंबू नका. प्रोसेसरचा ४ अधिक ४ असा फुटतो, कार्डचा ६ अधिक २ असा.

दिवा व्हीजीएचा लागला तर कार्ड काढून परत बसवा. स्लॉटच्या मागच्या टोकाला एक चिमटी असते, ती सोडवल्याशिवाय कार्ड ओढू नका. कार्ड जड असतं आणि मागच्या पट्टीचा स्क्रू सैल राहिला की झुकतं, मग स्लॉटमधला संपर्क तुटतो. कार्डला वेगळ्या केबलीने लागणारी वीज जोडली आहे ना ते बघा. १६ पिनांचा नवा छोटा कनेक्टर असेल तर तो फट न ठेवता पूर्ण आत गेला पाहिजे. तो नीट न बसल्यामुळे वितळल्याची उदाहरणं २०२२ पासून समोर आली आहेत.

एवढं करूनही काळाच पडदा असेल तर बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीला आणा. प्लग काढून बोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी ५ ते १० मिनिटं बाहेर ठेवा, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना जोडा. हे करण्याआधी एक विचार करा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर सेटिंग्ज पुसल्यावर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते आणि मोबाइलवरून बघता येते. ती आधी हाताशी घ्या.

भाग कमी करत जाणं

अजून यश नसेल तर मशीन अगदी उघडं करा. बोर्ड, प्रोसेसर, कूलर (प्रोसेसरवरचा पंखा आणि हीटसिंक), रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस, बस्स. हार्ड डिस्क, एसएसडी, पुढचे यूएसबी, जादा पंखे सगळं सोडवा. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्डही काढा आणि पडदा बोर्डला जोडा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे त्यांत ते नसतं. एएमडीच्या ५००० मालिकेपर्यंतच्या बहुतेक रायझेनमध्ये, नावात जी (G) हे अक्षर नसेल तर, तेही नसतं. तिथे कार्ड ठेवावंच लागेल. या कमीत कमी सामानावर चित्र आलं, तर एकेक भाग परत जोडत जा. ज्याच्यानंतर मशीन अडेल तो भाग किंवा त्याची केबल दोषी.

कूलर काढला होता का?

काढला असेल तर लक्ष इथे जास्त द्या. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, जुनी झाली की सुकून घट्ट होते आणि एएमडीच्या एएम४ प्रकारच्या बोर्डांत कूलर ओढताना प्रोसेसरही त्याच्या सॉकेटमधून (बोर्डवरच्या खोबणीतून) उपटून येतो. त्या प्रोसेसरच्या पोटाला पिना असतात आणि त्या वाकतात. इंटेलच्या आणि एएम५ च्या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात आणि त्या आणखी नाजूक. उजेडात वेगवेगळ्या कोनांतून बघा. पिनांच्या ओळी सरळ दिसल्या पाहिजेत. एखादी तिरकी दिसली तर ती सरळ करणं सरावलेल्या हातांचं काम आहे.

कूलर परत बसवताना जुनी पेस्ट पूर्ण पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी लागते. जुन्याच पेस्टवर बसवला तर मधे हवेच्या पोकळ्या राहतात. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरच्या चार पायांपैकी एखादा खट् न वाजता वरच राहतो, बोर्डच्या मागून बघितलं की लगेच कळतं. अशा मशीनची खूण ठरलेली आहे. सुरू होतं, पंखा जोरात ओरडतो, आणि मिनिटभरात बंद.

पडद्यावर काहीतरी येतं

इथवर आलात तर मोठं संकट टळलं. सीपीयू फॅन एरर असं दिसत असेल तर कूलरच्या पंख्याची वायर बोर्डवरच्या सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर लावा, वायर त्याच पंख्यात अडकत नाही ना ते बघा. बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश असेल तर हार्ड डिस्कची किंवा एसएसडीची साटा (डेटाची) केबल आणि तिची विजेची केबल, दोन्ही टोकांना, दाबून बसवा. बोर्डवर आडव्या बसणाऱ्या एम.२ एसएसडीचा स्क्रू सैल असेल तर ती एका टोकाला उचलली जाते.

केबली ठीक असूनही विंडोज सुरू होत नसेल आणि तारीख-वेळ चुकीची दिसत असेल, तर बॅटरी हलून सेटिंग्ज पुसल्या गेल्या आहेत. बायोसमध्ये साटाचा प्रकार आणि बूट होण्याचा क्रम पूर्वीसारखा करा. या वेळी विंडोज नव्याने टाकायची घाई अजिबात करू नका, तुमचा डेटा जागच्या जागी आहे.

दुकानात न्यायची वेळ

जळका वास, फुगलेला किंवा फुटलेला कपॅसिटर, बोर्डवर काळा डाग, वाकलेल्या पिना यांतलं काही दिसलं किंवा उघड्या मशीनवरही काहीच हालचाल नसेल, तर जाणकाराकडे न्या. सोबत तुमचा कागद न्या. सफाई कशाने केली, कुठले भाग काढले, पहिल्यांदा काय दिसलं आणि काय काय बदलून बघितलं हे सांगितलंत तर त्याचे तास वाचतात आणि नको ते भाग बदलले जात नाहीत.

सुरू झालं तर

झाकण लगेच लावू नका. सगळे पंखे फिरतायत ना ते डोळ्यांनी बघा, मग बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचं तापमान पाच मिनिटं बघत राहा. ते ३० ते ५५ अंश सेल्सियसच्या दरम्यान स्थिरावलं तर ठीक. चढत चढत ८०च्या पुढे जायला लागलं तर मशीन बंद करून कूलर पुन्हा बसवा. तारीख लावा. बॅटरी काढली असेल तर रॅमच्या वेगाची एक्सएमपी किंवा एक्स्पो सेटिंग परत चालू करा, पण ती आजच नको. एक-दोन दिवस मूळ वेगावर चालू द्या, म्हणजे अडचण आली तर रॅमच्या वेगामुळे का ही शंका तरी राहणार नाही.

मग बंद करून झाकण लावा आणि लावल्यावर पुन्हा एकदा सुरू करून बघा. उघडं असताना चालणारं मशीन झाकण लावल्यावर अडलं, तर बाजूची काच किंवा पत्रा ग्राफिक्स कार्डच्या केबलीला दाबत असतो, नाहीतर मागच्या बाजूला कोंबलेल्या केबलींचा गठ्ठा २४ पिनांच्या कनेक्टरला ओढत असतो. केबली मोकळ्या करून पुन्हा लावा.